पोचेची पोच

आमच्या हिने छापून आणलेलं व्हिजिटिंग कार्ड मी उलटसुलट करून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. तसं कार्ड चांगलं होतं. कागद जाड होता, अक्षर ठसठशीत होतं, ‘सर्व प्रकारचे पडदे शिवून मिळतील’ ही ओळ निळ्या शाईत होती. पण खाली ईमेलचा जो पत्ता होता तो फुकटातला. म्हणजे ज्या कंपनीकडे शाळकरी पोरांपासून पेन्शनरांपर्यंत अख्ख्या जगाने फुकट खाती उघडून ठेवली आहेत, तिचं नाव शेपटीसारखं मागे लोंबत होतं. शिवाय हिच्या नावाचे सगळे बरे पत्ते आधीच कोणीतरी पळवलेले, त्यामुळे नावापुढे तीन आकडे आणि एक खालची रेघ.

“हा पत्ता आहे की कैद्याचा नंबर?” मी विचारलं.

“त्याच्यावर मेल येतात ना? मग झालं,” ही मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

‘मग झालं’ हे हिच्या माहेरचं घोषवाक्य आहे. त्या घरात दाराची कडी लागत नाही, पण दार मिटतं ना, मग झालं. घड्याळ पुढे धावतं, पण चालतं ना, मग झालं. असल्या घरातून आलेल्या बाईने धंदा काढला, तो चालवला आणि त्यात नाव मिळवलं, हे मला आजही थोडं संशयास्पद वाटतं.

धंदा आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चालतो. दोन शिलाई मशीन, एक लांब टेबल, भिंतीला टेकून उभे केलेले कापडाचे तागे आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. एका मशीनवर ही बसते, दुसऱ्यावर मावशी. मावशी नात्यातल्या नव्हेत, कामाला येतात. त्या फार कमी बोलतात, आणि जे बोलतात ते माझ्याबद्दल असतं.

त्या दिवसांत घरात एक मोठी गोष्ट घडू घातली होती. गावात नवं नाट्यगृह उभं राहिलं होतं आणि त्याच्या रंगमंचाच्या मुख्य पडद्याचं काम द्यायचं होतं. हिने नमुने दिले, माप दिलं, दर दिला. शेवटी दोनच नावं उरली, एक हिचं आणि एक बाजारातल्या गाद्यांच्या दुकानदाराचं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं होतं की समितीचा निर्णय ईमेलने कळेल, ज्याची निवड होईल त्याने शनिवार संध्याकाळपर्यंत लेखी होकार द्यायचा, नाही दिला तर काम दुसऱ्याकडे. इतकी सोपी गोष्ट होती. ही मात्र त्या आठवड्यात सुईत दोरा ओवतानासुद्धा त्या पडद्याबद्दलच बोलत होती.

“आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्या,” एकदा ती मावशींना म्हणाली. “न्हाणीघरांचे पडदे शिवले, दवाखान्यातले हिरवे पडदे शिवले. एकदा तरी असं काहीतरी शिवायचंय, जे उघडताना लोक टाळ्या वाजवतील.”

हे मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं आणि, खरं सांगतो, मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काहीतरी करायला घेतो. घरातले बहुतेक अपघात असेच झालेले आहेत.

एवढं मोठं नाट्यगृह निर्णय कळवणार आणि तो जाऊन पडणार कुठे, तर तीन आकडे आणि खालच्या रेघेवर! समितीतल्या लोकांना काय वाटेल? मी ठरवलं, धंद्याच्या नावाचा स्वतःचा पत्ता घ्यायचा. ज्याला जाणकार लोक डोमेन म्हणतात ते. आणि अजाण लोक तर फारच मोठ्याने म्हणतात.

अजाण लोकांत पहिला नंबर माझ्या मेहुण्याचा. हिचा हा धाकटा भाऊ ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या दुकानात तो प्रिंटरची शाई विकतो.

“सोप्पं आहे भाऊजी,” तो फोनवर म्हणाला. “डोमेन घ्यायचं, होस्टिंग म्हणजे मेल ठेवायची जागा भाड्याने घ्यायची, खाती उघडायची, मेलचा प्रोग्राम टाकायचा. चहा गार व्हायच्या आत होतं.”

मेहुण्याने सोपं म्हटलेल्या गोष्टींची यादी मी करत नाही. आमच्या गच्चीवर जी गोल तबकडी गंजत पडली आहे ती बघितली तरी पुरे.

दुसरा नंबर समोरच्या दारातल्या टाकीवाल्यांचा. हे निवृत्त इंजिनिअर. उभा जन्म पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेला, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते टाकी, पाइप आणि नळ यांतच समजावतात. त्यांच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी मला व्हॉल्व्हचं उदाहरण दिलं होतं. मी जिन्यात चुकून ‘सर्व्हर’ हा शब्द उच्चारला आणि ते पायातली चप्पल न काढताच आत आले.

“हे बघा, मेल म्हणजे पाणी,” त्यांनी सुरुवात केली. “सर्व्हर म्हणजे टाकी. तुमचा कॉम्प्युटर म्हणजे नळ. डोमेन म्हणजे काय?”

“काय?”

“ते मला तपासावं लागेल,” ते गंभीरपणे म्हणाले आणि तपासेपर्यंत आमच्याच खुर्चीत बसून राहिले.

तरीही मी डोमेन घेतलं. नाव मिळालं, होस्टिंग मिळालं, ‘अभिनंदन’ असा निरोप मिळाला. आता फक्त खाती सुरू करायची होती. त्यासाठी कंपनीने कळवलं की मालकीची खात्री करण्यासाठी आम्ही तुमच्या नव्या पत्त्यावर एक मेल पाठवला आहे, त्यातल्या लिंकवर क्लिक करा, म्हणजे तुमचा नवा पत्ता सुरू होईल.

मी हे दोनदा वाचलं. मग मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाची बाई आली.

“तुम्ही मेल पाठवलाय त्या पत्त्यावर मला जाता येत नाही,” मी म्हणालो. “तो पत्ता अजून सुरूच नाही.”

“हो सर. मेलमधल्या लिंकवर क्लिक केलंत की सुरू होईल.”

“पण तो मेल मला दिसणार कधी?”

“पत्ता सुरू झाला की लगेच, सर.”

दुसरा कोणी असता तर चिडला असता. मी चिडलो नाही. मी कार्यालयात आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवायची ही पद्धत आम्हीही वापरतो, पण आमच्याकडे ती इतकी स्वच्छ कधी जमली नाही. ज्या कोणी हा नियम केला असेल त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. मग त्या बाईने माझी तक्रार वरच्या माणसाकडे दिली, वरच्याने बाजूच्याकडे दिली, बाजूच्याने माझं ओळखपत्र मागितलं, ओळखपत्रावर माझं नाव होतं आणि डोमेन हिच्या नावाने होतं, म्हणून आमच्या लग्नाचा दाखला मागितला. ईमेलसाठी मी लग्नाचा दाखला दिला. “नको असेल तर तो दाखला परत करता येतो का?” हिने विचारलं. मी दुर्लक्ष केलं.

अखेर पत्ता मंजूर झाला. “आता तो जगभर पसरायला दिवस-दोन दिवस लागतील,” त्या बाईने सांगितलं.

“लागणारच,” टाकीवाले म्हणाले. ते अजून आमच्याच खुर्चीत होते की पुन्हा आले होते हे मला आठवत नाही. “लाइन नवी असली की शेवटच्या नळाला पाणी उशिराच येतं.”

मग मेलचा प्रोग्राम. तो उघडल्यावर मला जो आनंद झाला तो इथे नोंदवलाच पाहिजे. त्या प्रोग्रामात येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा विचारला होता आणि जाणाऱ्या मेलचा वेगळा. आवक वेगळी, जावक वेगळी! दोन्हींचे दरवाजे वेगळे, दरवाजांचे नंबर वेगळे. इतकी वर्षं लोक माझ्या खात्याला हसत आले, आणि साऱ्या जगाचं टपाल शेवटी आमच्याच पद्धतीवर चाललेलं निघालं. मी हिला हाक मारून ते दाखवलं. ती “बरं” म्हणाली. माझ्या कर्तृत्वाला तिच्याकडून मिळणारा हा सर्वोच्च सन्मान आहे.

आवक सुरू झाली. जावक मात्र होईना. येणारे मेल दिसत होते, लिहिलेले मेल बाहेर पडत नव्हते.

“म्हणजे ऐकू येतं, पण बोलता येत नाही,” ही म्हणाली.

“माणसांच्या बाबतीतही अशी सोय हवी होती,” मावशी म्हणाल्या आणि मशीन चालवू लागल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पाहायची गरजही नव्हती.

मेहुण्याला बोलवावं लागलं. त्याने एक आकडा बदलला, एका चौकोनात खूण केली आणि जावक सुरू झाली. “जावकलाही पासवर्ड द्यावा लागतो भाऊजी,” तो म्हणाला. मी म्हणालो, मला माहीत होतं, तुला माहीत आहे का ते बघत होतो. पुढचा सबंध महिना हा माणूस नातेवाइकांना ‘भाऊजींचं सगळं मीच करून दिलं’ असं सांगत फिरणार, हे मला त्याच्या चहा पिण्यावरूनच कळलं.

इथपर्यंत जे झालं ते कोणाच्याही घरी झालं असतं. पुढचं मात्र आमच्याच घरी होऊ शकतं.

आमच्या कार्यालयात एक दंडक आहे. आलेल्या प्रत्येक कागदाला पोच गेलीच पाहिजे. उत्तर जाईल न जाईल, तो नंतरचा प्रश्न. पण ‘आपले पत्र मिळाले, विषय विचाराधीन आहे’ एवढं समोरच्याला कळवायचंच. शिवाय कागद एका विभागाला आला तरी त्याची प्रत सर्व विभागांना जाते आणि सर्व विभाग आपापली पोच देतात, म्हणजे उद्या कोणीही ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला नको. आमच्या कामाबद्दल आजवर पुष्कळ तक्रारी आल्या असतील. पोचेबद्दल एकही नाही.

होस्टिंगच्या कंपनीने मला हवी तेवढी खाती उघडायची मुभा दिली होती. एकच खातं उघडणं म्हणजे पंगत मांडून एकट्यानेच जेवायला बसण्यासारखं झालं असतं. मी चौकशी विभाग उघडला. लेखा विभाग उघडला. मापं विभाग, कापड विभाग, शिवण विभाग उघडले. तक्रार विभाग उघडला, कारण तक्रार विभाग नसलेल्या संस्थेवर माझा विश्वास नाही. आणि सगळ्यांच्या वर देखरेखीला कोणी हवं म्हणून एक व्यवस्थापकीय संचालक नेमला. हे पद मी निरपेक्ष बुद्धीने स्वतःकडे घेतलं.

“माणसं दोन आणि विभाग सात?” ही म्हणाली.

“बाहेरच्याला काय माहीत माणसं किती?”

“त्यांना पडदा हवाय हो, मंत्रालय नकोय.”

या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं. पण मी त्या वेळी आपोआप जाणाऱ्या उत्तराचा मसुदा करत होतो. सातही खात्यांना मी तो लावला. ‘आपले पत्र या विभागास प्राप्त झाले. विषय विचाराधीन असून योग्य त्या स्तरावर यथावकाश निर्णय घेण्यात येईल.’ खाली विभागाचं नाव. मग कोणत्याही विभागाला आलेल्या मेलची प्रत सर्व विभागांना जावी अशीही व्यवस्था केली. शेवटी हिचं जुनं, आकड्यांचं खातं कायमचं बंद केलं. एकदा पुढे पाऊल टाकलं की परतीचे दोर कापून टाकायचे, हा माझा स्वभाव. नाट्यगृहाला फोन करून नवा पत्ता कळवला. मेहुण्याच्या मोबाइलवरून तक्रार विभागाला एक मेल पाठवून पाहिला. टणाटण सात पोचा आल्या.

“भाऊजी, भारीच,” मेहुणा म्हणाला. माझ्या आयुष्यातलं त्याचं हे एकच वाक्य मला पटलं.

शनिवारी सकाळी नाट्यगृहाचा मेल आला.

आता, नाट्यगृहाच्या कार्यालयातही कोणीतरी माझ्यासारखाच कर्तव्यदक्ष माणूस असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरलाही सवय होती की कोणाचाही मेल आला की ‘आपला संदेश मिळाला, आभारी आहोत’ असं परस्पर कळवायचं. त्यांच्या एका पत्राला आमच्या सात विभागांनी सात पोचा दिल्या. त्या सात पोचांना त्यांच्याकडून सात आभार आले. प्रत्येक आभाराची प्रत आमच्या सातही विभागांना गेली आणि प्रत्येकाने त्याची पोच दिली. सात सत्ते एकोणपन्नास मला पाठ आहे. फक्त मसुदा करताना ते मी म्हणून पाहिलं नव्हतं.

मी दुकानातून ब्लेड घेऊन परत आलो तर खोलीत दोन्ही मशीन बंद होती आणि दोघी कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत होत्या. आपले पत्र प्राप्त झाले. आपला संदेश मिळाला. विषय विचाराधीन आहे. आभारी आहोत.

“कोण बोलतंय हे?” मावशींनी विचारलं.

“यांचे विभाग,” ही म्हणाली.

मी हिच्या हातून माउस घेतला आणि खाली खाली जात राहिलो. पार तळाशी, सगळ्या आभारांच्या आणि पोचांच्या खाली, पहिलं पत्र होतं. समितीने हिची निवड केली होती. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवावा, अन्यथा काम दुसऱ्या निविदाधारकास देण्यात येईल.

हिने ते वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यावर कोणीच काही ठेवलं नाही, तरी मीही खूश होतो. “बघ, आला की नाही नव्या पत्त्यावर!” मी म्हणालो.

हिने लगबगीने होकार लिहिला आणि पाठवायचं बटण दाबलं. लाल अक्षरांत होस्टिंगच्या कंपनीचं उत्तर आलं. आपल्या डोमेनवरून प्रचंड प्रमाणात त्रासदायक मेल पाठवले जात असल्याने आपली सर्व खाती गोठवण्यात आली आहेत. हरकत असल्यास व्यवस्थापकीय संचालकांच्या अधिकृत पत्त्यावरून अर्ज करावा.

“करा मग,” ही म्हणाली. “संचालक तुम्हीच ना?”

“माझंही खातं गोठलंय.”

मदत केंद्राची ती गोड बाई हेच म्हणाली. गोठवलेलं खातं उघडण्यासाठी त्याच खात्यातून अर्ज हवा, आणि तसंही शनिवारी अर्ज पाहणारा माणूस येत नाही. “त्रास झाल्याबद्दल खेद आहे, सर. आपला विषय विचाराधीन आहे.” हे वाक्य मी जन्मभर लोकांना ऐकवत आलो. ते कानावर पडल्यावर कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“जुन्या पत्त्यावरून पाठव ना ताई,” मेहुण्याने फोनवर सुचवलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी कापलेल्या दोरांबद्दल सांगितलं.

“टाकी फुटली की पहिल्यांदा मेन कॉक बंद करायचा असतो,” दारात उभे राहून टाकीवाले म्हणाले. “तुम्ही तो केलात का?”

“अहो, तुम्ही जाता का आता?” ही म्हणाली. इतक्या वर्षांत समोरच्या माणसाशी ती अशी बोलली नव्हती. टाकीवाले खरंच गेले. चप्पल दारातच राहिली.

मग तिने नाट्यगृहाला फोन लावला. व्यवस्थापकच होते. त्यांचा आवाज मला टेबलाच्या पलीकडूनही ऐकू येत होता.

“तोंडी चालत नाही बाई, लेखी हवं, तेही नोंदवलेल्या पत्त्यावरून नाहीतर समक्ष सही करून. आणि तुमच्याकडून लेखी इतकं आलंय की आमचा कॉम्प्युटर बंद पडायची वेळ आलीय, पण त्यात हो की नाही ते कुठेच नाही. समितीचे लोक म्हणतायत, एवढी मोठी संस्था आहे, त्यांना आपल्या एका पडद्याची काय पडलीय? मी दुसऱ्यांना कळवायला घेतलंच आहे.”

हिने फोन ठेवला. गळ्यात टेप अडकवली, पर्स घेतली. “चला,” म्हणाली. मावशींना नव्हे, मला. मावशींनी माझ्या हातात कापडाच्या नमुन्यांचा गठ्ठा दिला आणि वर “सांभाळून” असंही म्हणाल्या. गठ्ठ्याला, हे उघड होतं.

बसमध्ये जागा होती, पण आम्ही उभेच राहिलो. मी म्हणालो, “मी हे तुझ्यासाठीच केलं.”

“माहीत आहे,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तुम्हाला माझं काम मोठं दिसायला हवं होतं. मला ते मिळायला हवं होतं.”

मी नमुन्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला.

नाट्यगृहात अजून रंगाचा वास येत होता. व्यवस्थापकांच्या खोलीत खुर्च्यांवर प्लास्टिक तसंच होतं. चष्मा कपाळावर चढवलेला एक दमलेला माणूस कॉम्प्युटरकडे पाठ करून बसला होता.

“या,” तो म्हणाला. “आपण कोणत्या विभागाच्या?”

“मीच शिवते,” ही म्हणाली. “मी आणि मावशी. दोन मशीन आहेत. विभाग वगैरे काही नाहीत.”

“आणि ते व्यवस्थापकीय संचालक? त्यांनी मला सकाळपासून किती वेळा कळवलंय की निर्णय योग्य त्या स्तरावर यथावकाश घेण्यात येईल. मला त्यांना एकदा भेटायचंय. फक्त बघायचंय कसे दिसतात.”

मी गठ्ठा जरा वर धरला, चेहऱ्यापर्यंत येईल एवढा. हिने माझ्याकडे नजर टाकली. तिला हवं असतं तर एका बोटाने दाखवता आलं असतं, आणि तसं केलं असतं तर मी तिला दोषही दिला नसता.

“तसं कोणी नाही आमच्याकडे,” ती म्हणाली.

“मग हे?”

“हे माझे मिस्टर. शिडी धरायला आलेत. रंगमंचाचं माप मला पुन्हा एकदा स्वतः घ्यायचंय.”

व्यवस्थापक पहिल्यांदा हसले. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “इथेच लिहून द्या. घेताय का काम?”

हिने कागदावर ‘हो’ लिहिलं आणि खाली सही केली. दोन सर्व्हर, सात विभाग, एक संचालक आणि एका लग्नाच्या दाखल्याला मिळून जे सांगता आलं नव्हतं ते तिने एका अक्षरात सांगितलं. व्यवस्थापकांनी कागद उचलून खणात ठेवला आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढून काढली.

रंगमंच अंधारा होता. एकच दिवा लागला, तोही वर कुठेतरी. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा मागच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. ही मधोमध जाऊन उभी राहिली आणि वर बघत राहिली. मग नाक पुसलं, पदर खोचला आणि शिडी चढायला लागली. मी दोन्ही हातांनी शिडी धरली. ती जुनी, डगमगणारी शिडी होती, आणि आमची ही चढत चढत पडदा टांगायच्या पार वरच्या नळीपर्यंत गेली. खालून मला फक्त तिचे पाय आणि लोंबणारी टेप दिसत होती. भीती वाटली मला. एखादं काम आपल्या हातून बिघडलं तर पडणारं माणूस दुसरंच असतं, हे तोवर मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

“अहो, नीट धरलीय ना?” ती वरून ओरडली.

“हो,” मी म्हणालो.

सुदैवाने तिने ते लेखी मागितलं नाही.